बटण : एक लहानसे वचन

मोबाइलच्या पडद्यावर दिसणारे बटण कसे काम करते, ते आपल्या ॲपमध्ये कसे बसवायचे आणि बसवताना कोणती काळजी घ्यायची, हे या पाठात सांगितले आहे. पाठ वाचताना जवळ वही-पेन्सिल ठेवा. पडद्याचे चित्र काढून पाहिले, तर बऱ्याच गोष्टी लवकर समजतील.

विद्यार्थी मित्रांनो, 'बटण' हा शब्द तुमच्या रोजच्या ओळखीचा आहे. सदऱ्याला बटण असते. भिंतीवर दिव्याचे बटण असते. दारावरच्या घंटीला बटण असते. लिफ्टमध्ये मजल्यांची बटणे असतात. सदऱ्याचे बटण सोडले, तर बाकीची सगळी बटणे एकाच जातीची आहेत. आपण बोटाने दाबतो आणि आपली इच्छा यंत्राला कळते. मग दिवा लागतो, घंटी वाजते किंवा लिफ्ट वर जाते.

आता मोबाइलच्या पडद्याकडे पाहा. तिथेही बटणे आहेत. 'पाठवा', 'शोधा', 'बंद करा' असे शब्द त्यांवर लिहिलेले असतात. पण बोटाने चाचपून पाहा. काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत लागते. कुठे उंचवटा नाही, कुठे खळगा नाही. मग इथे बटण आहे तरी कुठे?

खरे सांगायचे, तर पडद्यावरचे बटण म्हणजे एक चित्र असते. रंग भरलेला एक चौकोन आणि त्यात एक-दोन शब्द, एवढेच. भिंतीवरच्या बटणामागे तार असते. ते दाबले, की आतले दोन धातूचे तुकडे एकमेकांना चिकटतात आणि वीज वाहू लागते. पडद्यावरच्या चित्रामागे अशी तार नसते. असे असूनही ते चित्र आपले ऐकते. हे कसे घडते, ते आधी समजून घेऊ.

मोबाइलच्या काचेखाली विजेचे वहन करणारा एक अतिशय पातळ आणि पारदर्शक थर असतो. त्यात उभ्या आणि आडव्या रेषांची जाळी असते. आपल्या शरीरातूनही वीज वाहू शकते. त्यामुळे बोट काचेला टेकले, की त्या जागी जाळीवरच्या विद्युतभारात थोडा बदल होतो. तो बदल कोणत्या उभ्या रेषेवर आणि कोणत्या आडव्या रेषेवर झाला, हे फोन ओळखतो. भूमितीत आपण आलेखाच्या कागदावर बिंदू दाखवतो, तसाच हा प्रकार आहे. एक आकडा आडव्या दिशेचा आणि एक उभ्या दिशेचा. या दोन आकड्यांवरून बोटाची जागा निश्चित होते. जाड कापडी हातमोजा घातला, तर पडदा सहसा दाद देत नाही, त्याचे कारणही हेच आहे.

बोटाची जागा कळल्यावर फोन पाहतो, की त्या जागी कोणते बटण काढलेले आहे. समजा, तिथे 'पाठवा' हे बटण आहे. मग फोन ॲपला निरोप देतो, "'पाठवा' हे बटण दाबले गेले आहे." पुढे काय करायचे, ते ॲप ठरवते. ॲप लिहिणाऱ्याने सूचना दिली असेल, तर काम होते. सूचना दिलीच नसेल, तर काहीच होत नाही. बटण सुंदर दिसते, पण मुके राहते.

म्हणजे पडद्यावरच्या बटणाचे दोन भाग झाले. एक त्याचे रूप आणि दुसरे त्याचे काम. रूप डोळ्यांना दिसते. काम सूचनांमध्ये लपलेले असते. या दोन भागांना जोडण्याची जबाबदारी ॲप तयार करणाऱ्याची असते. बटणावर लिहिलेला शब्द हे एक वचन आहे. "मला दाबा, म्हणजे अमुक घडेल," असे ते बटण वाचणाऱ्याला सांगत असते. ते वचन पाळले गेले पाहिजे.

चला, आपणही एक लहानसे ॲप तयार करून पाहू या. भूगोलाच्या क्षेत्रभेटीत तुम्हांला एखाद्या चौकातून तासाभरात किती वाहने जातात, हे मोजायचे आहे असे समजा. वहीत रेघोट्या मारून हे काम करता येते. पण नजर वहीकडे गेली, की एखादी गाडी निसटते. त्यापेक्षा फोनवर एक मोठे बटण असावे, गाडी दिसली की दाबावे आणि आकडा आपोआप वाढावा, हे किती सोयीचे!

असे ॲप तयार करण्यासाठी 'ॲप इन्व्हेंटर' नावाचे एक साधन आहे. त्याची सुरुवात गूगल कंपनीत २०१० साली झाली. आता ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही संस्था चालवते. ते विनामूल्य आहे आणि संगणकाच्या ब्राउझरमध्ये चालते. यात अवघड संगणकी भाषा टाइप करावी लागत नाही. लहान मुले ठोकळे जोडून घर बांधतात, तशा यात सूचना जोडायच्या असतात.

ॲप इन्व्हेंटर उघडले, की मध्यभागी फोनच्या पडद्याचे चित्र दिसते. डाव्या बाजूला वस्तूंची यादी असते. तिच्यात 'बटण' आहे, 'लेबल' आहे, 'चित्र' आहे. लेबल म्हणजे केवळ मजकूर दाखवणारी पाटी. यादीतून प्रथम एक लेबल ओढून पडद्यावर ठेवा. आपला आकडा इथे दिसणार आहे. त्यानंतर तीन बटणे ओढून आणा. उजव्या बाजूला निवडलेल्या वस्तूचे गुणधर्म दिसतात. बटणावरचा मजकूर, अक्षरांचा आकार, रंग, लांबी, रुंदी या गोष्टी तिथे बदलता येतात. पहिल्या बटणावर लिहा, 'वाहन आले'. दुसऱ्यावर लिहा, 'एक कमी करा'. चुकून बटण दाबले गेले, तर हे उपयोगी पडेल. तिसऱ्यावर लिहा, 'शून्य करा'. नवी मोजणी सुरू करताना ते लागेल.

बटणांचे रूप तयार झाले. आता त्यांना काम द्यायचे. ठोकळ्यांचे पान वेगळे असते, ते उघडा. प्रथम एक चल तयार करा. बीजगणितात चल म्हणजे काय, हे तुम्ही शिकला आहात. ज्याची किंमत बदलू शकते, तो चल. वाहनांच्या संख्येसाठी आपल्याला तो हवा आहे. त्याची सुरुवातीची किंमत शून्य ठेवा.

आता पहिल्या बटणाचा 'क्लिक' नावाचा पिवळसर ठोकळा घ्या. 'हे बटण दाबले जाईल, तेव्हा पुढील कामे कर', असा त्याचा अर्थ आहे. त्याच्या पोटात दोन सूचना बसवा. पहिली सूचना : चलाची किंमत एकाने वाढव. दुसरी सूचना : चलाची नवी किंमत लेबलवर दाखव.

दुसऱ्या बटणालाही अशाच दोन सूचना द्या. फक्त तिथे किंमत एकाने कमी करायची आहे. मात्र त्याआधी एक अट घाला. किंमत शून्यापेक्षा जास्त असेल, तरच ती कमी करावी. ही अट विसरलात, तर पडद्यावर 'उणे एक' असा आकडा दिसू शकतो. चौकातून उणे एक गाडी गेली, असे कधी होईल का? तिसऱ्या बटणाला सूचना द्या : किंमत शून्य कर आणि ती लेबलवर दाखव.

यानंतर फोनवर ॲप इन्व्हेंटरचे सोबती ॲप उघडा आणि संगणकावर दिसणारा चौकोनी संकेत त्याने टिपून घ्या. तुमचे ॲप फोनवर दिसू लागेल. 'वाहन आले' दाबा. शून्याचा एक होईल. पुन्हा दाबा, दोन होतील. तुमच्या हाताने घडवलेले बटण तुमचे ऐकू लागले!

इथे एक प्रयोग करून पाहा. 'वाहन आले' या बटणाची दुसरी सूचना काढून टाका. आता बटण दाबले, तर आतला चल वाढतो, पण लेबलवरचा आकडा तसाच राहतो. ॲप आपले काम बरोबर करत असते, तरी वापरणाऱ्याला वाटते, बटण बिघडले आहे. तो पुन्हा दाबतो, आणखी जोरात दाबतो. दहा गाड्यांच्या जागी वीस गाड्या मोजल्या जातात. यावरून एक महत्त्वाची गोष्ट कळते. काम झाले, एवढे पुरेसे नाही. काम झाल्याचे माणसाला कळलेही पाहिजे.

आपल्या देशातील मतदान यंत्र हे याचे चांगले उदाहरण आहे. १९८२ साली केरळमधील परवूर मतदारसंघात हे यंत्र प्रथम वापरले गेले. उमेदवाराच्या नावासमोर त्याचे चिन्ह असते आणि शेजारी निळे बटण असते. ज्याला वाचता येत नाही, तोही चिन्ह ओळखून बटण दाबू शकतो. बटण दाबताच नावासमोरचा लाल दिवा लागतो आणि 'बीप' असा मोठा आवाज येतो. जोडीच्या यंत्रात एक कागदी चिठ्ठी छापली जाते आणि ती काचेतून सात सेकंद दिसते. डोळ्यांना दिवा, कानांना आवाज आणि वाचायला चिठ्ठी. आपले मत नोंदले गेले, ही खातरी मतदाराला तीन प्रकारे मिळते. एकदा मत दिल्यावर कोणी घाईने पुन्हा बटण दाबले, तर ते मोजले जात नाही. मतदान अधिकारी पुढच्या मतदारासाठी यंत्र खुले करतो, तेव्हाच ते पुन्हा चालते.

ॲपमध्येही अशीच सोय करता येते. परीक्षेचा अर्ज पाठवणारे किंवा पैसे भरणारे बटण एकदा दाबले, की काम पूर्ण होईपर्यंत ते निष्क्रिय करून ठेवतात. त्याचा रंग फिका पडतो. शेजारी 'थांबा, अर्ज जात आहे' असे शब्द दिसतात. इंटरनेट मंद असले, तरी माणूस घाबरून दुसऱ्यांदा दाबत नाही आणि पैसे दोनदा जाण्याचा धोका टळतो. ॲप इन्व्हेंटरमध्येही बटण निष्क्रिय करण्याचा गुणधर्म आहे.

आता बटणावरच्या शब्दांकडे वळू. या बाबतीत संगणकाच्या इतिहासातील एक गमतीदार घटना प्रसिद्ध आहे. ॲपल कंपनीने १९८३ साली 'लिसा' नावाचा संगणक बाजारात आणला. तो तयार होत असताना लॅरी टेस्लर हे संशोधक नवख्या लोकांना बोलावून त्यांच्याकडून तो वापरून घेत. एका प्रश्नाखाली दोन बटणे होती. एकावर 'रद्द करा' या अर्थाचा इंग्रजी शब्द होता, तर दुसऱ्यावर 'डू इट', म्हणजे 'हे करा', असे दोन शब्द होते. काही लोक त्या दुसऱ्या बटणापाशी अडखळत आणि 'रद्द करा' दाबत. असे का होते, हे कोणाला कळेना. शेवटी एका माणसाने वैतागून विचारले, की हे यंत्र मला मूर्ख का म्हणते? तेव्हा उलगडा झाला. त्या दोन शब्दांमधील मोकळी जागा फार थोडी होती. शिवाय पडद्यावर इंग्रजीतील मोठा 'आय' आणि लहान 'एल' ही अक्षरे सारखीच दिसत होती. त्यामुळे लोक 'डू इट' ऐवजी 'डोल्ट' असे वाचत होते. इंग्रजीत 'डोल्ट' म्हणजे मूर्ख! मग त्या बटणावर 'ओके' लिहिण्यात आले.

या घटनेत यंत्र बिघडलेले नव्हते आणि माणसेही मूर्ख नव्हती. दोष बटणावरच्या अक्षरांचा होता. बटण तयार करणाऱ्याला त्याचा अर्थ आधीपासून माहीत असतो, म्हणून त्याला ते नेहमीच स्पष्ट वाटते. खरी परीक्षा होते ती पहिल्यांदा वाचणाऱ्याकडून.

बटणावर शक्यतो क्रियापद असावे. 'फोटो' असे नुसते लिहिले, तर फोटो काढायचा, पाहायचा की पुसायचा, हे कळत नाही. 'फोटो काढा' म्हटले, की शंका उरत नाही. शब्द थोडे, ओळखीचे आणि नेमके असावेत. तुम्ही उर्दू माध्यमातून शिकता. मराठी बटणांवरचे कितीतरी शब्द तुम्हांला घरच्यासारखे वाटतील. 'रद्द', 'जमा', 'मंजूर', 'बंद' हे शब्द दोन्ही भाषांत आहेत. उर्दूतील 'शुरू' मराठीत 'सुरू' झाला आणि 'हाज़िर'चा 'हजर' झाला. दोन्ही भाषांच्या लोकांना कळेल असा शब्द सापडला, तर तो बटणासाठी सोन्यासारखा समजावा.

शब्दांनंतर आकार आणि जागा यांचा विचार करू. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक नियम मांडला. एखाद्या ठिकाणी हात नेण्यास किती वेळ लागेल, हे दोन गोष्टींवर अवलंबून असते. ते ठिकाण किती दूर आहे आणि ते किती मोठे आहे. जवळची आणि मोठी वस्तू लवकर सापडते. दूरची आणि लहान वस्तू शोधून दाबायला वेळ लागतो आणि नेमही चुकतो. हा नियम पुढे संगणकाच्या आणि फोनच्या पडद्यालाही लागू पडला.

बोटाचे टोक काही पेन्सिलीच्या टोकासारखे बारीक नसते. म्हणून अँड्रॉइड फोनसाठी गूगलने दिलेल्या सूचनांमध्ये म्हटले आहे, की दाबण्याची जागा लांबीला आणि रुंदीला प्रत्येकी साधारण ९ मिलिमीटर तरी असावी. पट्टी घेऊन वहीत एवढा चौकोन काढा आणि त्यावर अंगठा ठेवून पाहा. ही सूचना का दिली आहे, ते लगेच पटेल. वयोवृद्ध माणसांचे हात थरथरतात, बसमध्ये उभे असताना फोन हलतो. अशा वेळी याहून लहान बटण फारच त्रास देते.

आपल्या वाहन-मोजणीत 'वाहन आले' हे बटण शेकडो वेळा दाबायचे आहे. ते सर्वांत मोठे असावे आणि अंगठा सहज पोहोचेल असे खालच्या बाजूला असावे. 'एक कमी करा' हे त्याहून लहान चालेल. आणि 'शून्य करा'? ते कुठे ठेवाल? ते 'वाहन आले'च्या शेजारी ठेवले आणि तासाच्या शेवटच्या मिनिटाला अंगठा थोडा सरकला, तर काय होईल? उन्हात उभे राहून मोजलेल्या सगळ्या गाड्या एका क्षणात नाहीशा होतील. तो तास परत येणार नाही. म्हणून ते बटण पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, इतरांपासून दूर ठेवावे. त्याचा रंगही वेगळा असावा.

एवढ्यावर थांबू नये. ज्या बटणाने काही पुसले जाते किंवा पैसे जातात, त्याने काम करण्यापूर्वी एकदा विचारावे. ॲप इन्व्हेंटरमध्ये त्यासाठी 'नोटिफायर' नावाची वस्तू मिळते. ती पडद्यावर प्रश्न आणि त्याखाली दोन बटणे दाखवते. इथेही शब्दांची काळजी घ्या. 'मोजणी पुसू नये ना?' असा प्रश्न आणि खाली 'होय', 'नाही' अशी बटणे ठेवली, तर हुशार माणूसही गोंधळेल. त्यापेक्षा लिहा, 'आतापर्यंतची मोजणी पुसायची आहे का?' आणि खाली 'मोजणी पुसा' व 'राहू द्या' अशी बटणे ठेवा. प्रश्न नीट वाचला नाही, तरी बटणे आपला अर्थ स्वतः सांगतील.

पैशांच्या व्यवहारात तर हे फारच जपावे लागते. २०१६ पासून आपल्या देशात यूपीआय पद्धतीने फोनवरून पैसे पाठवता येऊ लागले. काही लबाड लोक फोन करून सांगतात, "तुम्हांला पैसे मिळणार आहेत, हे बटण दाबा आणि तुमचा पिन टाका." बटणावर मात्र 'पैसे द्या' या अर्थाचा इंग्रजी शब्द असतो. वाचणाऱ्याला तो कळला नाही, तर त्याच्याच खात्यातून पैसे जातात. लक्षात ठेवा, पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. ही गोष्ट घरातील मोठ्या माणसांनाही समजावून सांगा. बटणावरचे शब्द वाचता येणे, हे आता हिशेब येण्याइतकेच गरजेचे झाले आहे.

फोनच्या पडद्याची आणखी एक सोय तुम्ही कदाचित पाहिली असेल. चुकीच्या बटणावर बोट टेकले, तर ते लगेच उचलू नका. तसेच सरकवत बटणाबाहेर न्या आणि मग उचला. बहुतेक बटणे बोट टेकल्यावर नव्हे, तर बोट त्याच जागी उचलल्यावर काम करतात. माणसाला विचार बदलण्यासाठी दिलेली ही क्षणभराची सवलत आहे.

आता तुमच्या खास जिव्हाळ्याची गोष्ट. मराठी डावीकडून उजवीकडे लिहितात आणि उर्दू उजवीकडून डावीकडे. समजा, तुम्ही हे ॲप उर्दूत केले. मग फक्त शब्द बदलून भागेल का? नाही. मराठी वाचणाऱ्याला 'पुढे' म्हणजे उजवीकडे वाटते. उर्दू वाचणाऱ्याची नजर पुढे जाते ती डावीकडे. म्हणून उर्दू ॲपमध्ये 'पुढे' या बटणाचा बाण डावीकडे तोंड करतो आणि 'मागे' या बटणाचा बाण उजवीकडे. मराठीत वरच्या डाव्या कोपऱ्यात असणारे बटण उर्दूत उजव्या कोपऱ्यात जाते. आरशात पाहावे, तसा सगळा पडदा उलटतो.

२०१२ साली आलेल्या अँड्रॉइड ४.२ या आवृत्तीपासून ही सोय त्या फोनमध्येच आली. तेव्हापासून ॲप लिहिणाऱ्याने 'बटण डावीकडे ठेव' असे सांगण्याऐवजी 'बटण ओळीच्या सुरुवातीला ठेव' असे सांगणे योग्य मानले जाते. मराठीत सुरुवात डावीकडे होते, उर्दूत उजवीकडे. सूचना एकच, पण प्रत्येक भाषेला तिची जागा मिळते.

काही गोष्टी मात्र उलटत नाहीत. घड्याळाचे काटे कोणत्याही भाषेत त्याच दिशेने फिरतात. 'बरोबर'ची खूण तशीच राहते. गाणे सुरू करण्याचा त्रिकोणही उर्दूत उजवीकडेच तोंड करतो, कारण तो ध्वनिफितीच्या सरकण्याची दिशा दाखवतो. उर्दूत लिहितानाही संख्येतील अंक डावीकडून उजवीकडेच लिहितात, म्हणून आपल्या लेबलवरचा '२५' हा '५२' होता कामा नये.

अक्षरांच्या उंचीकडेही लक्ष द्या. उर्दूची नस्तालीक लिपी तिरपी उतरत जाते. मराठीत अक्षरांच्या वर वेलांट्या, मात्रा आणि रफार असतात, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय येतात. इंग्रजी शब्दाच्या मापाने बेतलेल्या बटणात या दोन्ही लिप्या कापल्या जातात. म्हणून बटणाला थोडी जास्त उंची द्यावी.

शेवटी, ज्यांना पडदा दिसत नाही, त्यांचाही विचार करू. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' नावाची सोय असते. ती सुरू केली, की बोट ज्या बटणावर जाईल, त्याचे नाव फोन मोठ्याने वाचतो. मग दोनदा टकटक केले, की बटण दाबले जाते. दृष्टिहीन माणसे अशा रीतीने फोन वापरतात. पण बटणावर केवळ चित्र असेल आणि ॲप लिहिणाऱ्याने त्याला नाव दिले नसेल, तर फोन काय वाचणार? तो एवढेच सांगतो, की इथे नाव नसलेले एक बटण आहे. नाव देण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. ते न दिल्याने एका माणसासाठी दार बंद होते.

रंगाचेही तसेच आहे. काही लोकांना लाल आणि हिरवा यांतील फरक नीट कळत नाही. 'हिरवे बटण दाबा' एवढेच सांगून त्यांचे काम होत नाही. रंगाबरोबर शब्दही असावा. फिक्या रंगावर फिकी अक्षरे तर कोणालाच वाचता येत नाहीत, मग भर उन्हात चौकात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला ती कशी दिसणार?

तुमचे ॲप तयार झाले, की लॅरी टेस्लर करत तेच करा. ज्याने ते कधी पाहिले नाही, अशा माणसाच्या हातात द्या. तुमच्या आजीला द्या, शेजारच्या काकांना द्या किंवा लहान भावाला द्या. त्यांना फक्त काम सांगा, "या रस्त्यावरची वाहने मोजा." त्यानंतर गप्प बसा. 'इथे दाबा', 'तिथे नको' असे सांगण्याचा मोह होईल. तो आवरा. त्यांचे बोट कुठे थांबते, कपाळावर आठी कधी येते, ते कोणते बटण दोनदा दाबतात, हे वहीत टिपून ठेवा. ते चुकले, तर त्यांना हसू नका. जिथे ते चुकले, तिथे तुमचे बटण सुधारायचे आहे.

मित्रांनो, बटण दाबणारा माणूस आपल्याला दिसत नाही. तो आपल्याला काही विचारूही शकत नाही. त्याच्यासमोर असतो फक्त एक चौकोन आणि त्यातले दोन शब्द. त्या शब्दांवर विश्वास ठेवून तो आपला वेळ, आपला अर्ज, कधी आपले पैसेही आपल्या हाती सोपवतो. म्हणून तुम्ही पहिले बटण बसवाल, तेव्हा स्वतःला तीन प्रश्न विचारा. यावर जे लिहिले आहे, तेच घडते का? घडले, हे दाबणाऱ्याला कळते का? आणि तो चुकला, तर त्याला मागे फिरता येते का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे 'होय' अशी आली, की तुमचे बटण वापरायला तयार झाले असे समजा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पडद्यावरच्या बटणाचे दोन भाग कोणते?
(आ) मतदान यंत्र प्रथम कोणत्या साली आणि कोठे वापरले गेले?
(इ) पॉल फिट्स यांच्या नियमातील दोन गोष्टी कोणत्या?

२. कारणे लिहा.
(अ) लिसा संगणक वापरणारे काही लोक एका बटणापाशी अडखळत.
(आ) 'शून्य करा' हे बटण इतर बटणांपासून दूर ठेवावे.
(इ) उर्दू ॲपमध्ये 'पुढे' या बटणाचा बाण डावीकडे असतो.

३. पुढील बटणांवर योग्य क्रियापद घालून शब्द पुन्हा लिहा.
पत्र, आवाज, पुस्तक, नाव

४. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे असे पाच शब्द शोधा, की जे बटणावर लिहिता येतील.

५. उपक्रम : शाळेच्या ग्रंथालयात पुस्तक घेण्यासाठी आणि परत करण्यासाठी एक ॲप करायचे आहे. त्याच्या पडद्याचे चित्र वहीत एकदा मराठीत आणि एकदा उर्दूत काढा. बटणांच्या जागा कशा बदलल्या, ते वर्गात सांगा.